नऊ पैशांचा इन्फोसिस

"पावनं, नऊ पैशाला इन्फोसिस इकणारा गडी कोण, तेवढं सांगा."

मामांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या चिमट्यात लालबुंद मूस होती, मुशीत कुणाच्या तरी मोडलेल्या पाटल्यांचा रस होता आणि समोर माझा नवा शर्ट होता. अशा वेळी शहाणा माणूस 'बघून सांगतो' म्हणतो आणि दोन पावलं मागे सरकतो. पण त्या खोलीत दोन पावलांची जागा नाही. चिकपेटमध्ये मागे सरकलेला माणूस थेट शेजारच्या दुकानात निघतो आणि तिथे त्याला साडी दाखवायला सुरुवात होते.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मूळचे विट्याजवळचे. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. कुठल्याही शहरातल्या सराफ बाजाराच्या मागच्या बोळात शिरा, भट्टीपुढे बसलेला माणूस सांगलीकडचं मराठी बोलताना सापडतो. आमच्या मामांची भट्टी चिकपेट आणि नगरथपेट यांच्या मधल्या एका अरुंद जिन्यावर आहे. केंपेगौडाने १५३७ साली बंगळूर वसवलं तेव्हापासूनची ही पेठ. त्याच्यानंतर रस्ता रुंद करायचं कुणी मनावर घेतलेलं नाही.

मामांना सोन्याचा भाव तोंडपाठ. आजचा तर आहेच, पण मागच्या चाळीस वर्षांतला कुठलाही. घरातल्या लग्नांची सालं ते भावावरूनच सांगतात. "थोरलीचं लगीन व्हय? तोळं साडेचार हजाराच्या आत हुतं." आपण मनातल्या मनात दोन हजार साल असं लिहून घ्यायचं. अशा माणसाने शेअर बाजाराच्या वाटेला जायला नको होतं. पण २०१६ मध्ये खालच्या साडीवाल्या शेठने, "मामाजी, घरकी कंपनी है, बंगलोर की," असं सांगून त्यांच्याकडून इन्फोसिसचे शंभर शेअर घेववले. यंदा धाकटीच्या लग्नासाठी मामांनी ते विकले आणि प्रश्न आला कर भरायचा.

इथे मी शिरलो. मी संगणकाच्या कंपनीत आहे. मनुष्यबळ विभागात. कुणाची किती रजा शिल्लक आहे एवढंच मला संगणकावर बघता येतं आणि तेही महिन्यातून एकदा चुकतं. पण घरच्यांच्या हिशेबी माझ्या पुढ्यात संगणक आहे, म्हणजे मला शेअर कळतात, विमानाचं तिकीट स्वस्तात मिळतं आणि टीव्हीचा रिमोट दुरुस्त करता येतो.

मामांचे करसल्लागार अव्हेन्यू रोडवर, पुस्तकांच्या दुकानावरच्या मजल्यावर बसतात. तीन माणसांच्या बाकावर पाचजण आधीच होते. "स्वल्प अडजस्ट माडि," असं म्हणून त्यांनी आम्हा दोघांनाही त्यात बसवलं. मग मामांचा कागद बघून म्हणाले, "सार, मला ३१ जानेवारी २०१८ चा भाव पाहिजे. त्या दिवसाचा सगळ्यात वरचा."

"इकलं यंदा, घेतलं २०१६ ला. मधलंच साल कुठनं आलं?" मामांनी मला कोपराने ढोसत विचारलं.

त्याचं असं झालं. १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी शेअरच्या दीर्घकालीन नफ्यावर कर आणला. तोवरच्या नफ्याला हात लावायचा नाही म्हणून आदल्या दिवसाची रेघ मारली आणि त्या दिवसाचा वरचा भाव धरला. सरकारने आपण होऊन वरचा भाव धरल्याचं हे उदाहरण ऐकून मामा हेलावले. मात्र नियम त्यांना पुढे वाचून दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. शेअरची खरेदी किंमत म्हणजे काय, तर त्या दिवसाचा वरचा भाव आणि आपला विक्रीचा भाव यांत जो कमी असेल तो घ्यायचा, आणि तो व आपण खरोखर मोजलेली किंमत यांत जी जास्त असेल ती धरायची. मामांनी हे पुन्हा एकदा म्हणायला लावलं. बाकावरच्या पाचांपैकी दोघांनी आपापल्या कागदावर लिहून घेतलं. तिसरा म्हणाला की त्यांच्याकडे भावकीची वाटणी याहून सोपी झाली होती.

मी तिथल्या तिथे मोबाइल काढला, कंपनीचं नाव टाकलं, आलेखावर बोट ठेवून मागे मागे गेलो आणि ऐटीत सांगितलं, "पावणेसहाशेच्या आसपास."

सल्लागार हसले. "ते अडजस्टेड आहे, सार. अडजस्टेड चालत नाही."

बंगळुरात अडजस्ट केलेलं चालत नाही असं एकमेव खातं म्हणजे आयकर, हे मला त्या दिवशी कळलं.

भानगड बोनसची होती. सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनीने एकास एक बोनस दिला. शंभराचे दोनशे झाले, भाव निम्मा झाला. आता मोबाइलवरच्या आलेखाला मधे कडा पडलेला दाखवायची लाज वाटते. म्हणून तो मागे जाऊन आधीचे सगळे भावही निम्मे करून टाकतो, म्हणजे रेघ कशी गुळगुळीत. प्रत्यक्षात ३१ जानेवारीला शेअर साडेअकराशेच्या आसपास होता. त्या दिवशी पावणेसहाशेला मागायला कुणी गेलं असतं तर दलालाने हाकलून दिलं असतं.

खरा भाव भावकॉपीत असतो. रोज व्यवहार संपले की राष्ट्रीय शेअर बाजार दिवसभराच्या भावांची जी यादी काढतो ती भावकॉपी. ती नंतरच्या बोनसची भीड बाळगत नाही. त्या दिवशी होता तो भाव तिथे तसाच पडून राहतो. मी ती मोबाइलवर उतरवली आणि मेट्रोत उघडली. एका दिवसाची यादी, पण ओळी हजारो. अंगठ्याने वर सारत सारत 'आय' अक्षरापर्यंत पोचलो आणि डोकं वर काढलं तेव्हा चिकपेट मागे पडून के. आर. मार्केट आलं होतं. परतीच्या गाडीत यादी पुन्हा पहिल्या ओळीवर गेली होती.

शेवटी आकडा हाती आला, तर मामांना तो पसंत पडेना. त्यांनी बोट ठेवलं बंद भावाच्या रकान्यावर.

"बंद भाव म्हंजे शेवटच्या गिऱ्हाइकाचा?"

"नाही मामा. शेवटच्या अर्ध्या तासातल्या सगळ्या व्यवहारांची सरासरी काढतात."

"म्हंजे त्या भावाला कुणीच घेतला न्हाई, असं बी हुईल?"

"होऊ शकतं."

मामा माझ्याकडे बघत राहिले. सरासरीच्या भावाने कुणाचा टंच काढून दिला असता तर सराफांनी त्यांना कधीच विट्याला परत पाठवलं असतं. मोबाइलवरचा त्यांचा विश्वास तिथेच उडाला. "जे. सी. रोडला शेअर बाजार हुता. तिथं जुन्या वह्या असत्याल. जाऊन या."

बंगळूरचा स्वतःचा शेअर बाजार होता हे खरं. १९६३ साली सुरू झालेला. इन्फोसिसची नोंदणी तिथेही होती. पण सगळी उलाढाल संगणकावरून मुंबईला जायला लागली, मग देशभरचे असे स्थानिक बाजार ओस पडले, आणि बंगळूरच्या बाजारालाही २०१४ च्या अखेरीस कायमचं बंद व्हायची परवानगी मिळाली. हे सगळं मला जे. सी. रोडला गेल्यावर कळलं. तो रस्ता आता गाड्यांच्या सामानाचा आहे. मी जुने भाव विचारत फिरलो आणि प्रत्येकाने मला नवेच भाव सांगितले. परत आलो तेव्हा माझ्या काखेत गाडीच्या सीटचं कव्हर होतं. माझ्याकडे स्कूटर आहे.

पण या सगळ्या शोधाशोधीत मामांना आलेखाचं वेड लागलं. कामाच्या मधे, भट्टी तापेपर्यंत, ते बोटाने रेघ मागे ओढत बसत. एका संध्याकाळी ती रेघ त्यांनी पार डावीकडच्या टोकाला नेली आणि तिथे रुपयाच्याही आतला आकडा निघाला. त्याच्याही मागे, अगदी पहिल्या दिवशी काय होतं, ते मला काढायला सांगितलं. मी इमानेइतबारे काढलं आणि नऊ पैसे म्हणून मोकळा झालो. त्यातून तो मुशीचा प्रसंग ओढवला.

हिशोब एका सराफाच्या बिलामागे केला. १९९३ साली इन्फोसिसने लोकांना शेअर दिला तो ९५ रुपयांना. दहाचा शेअर, वर ८५ अधिमूल्य. त्यानंतर १९९४, १९९७ आणि १९९९ साली एकास एक बोनस. २००० साली दहाच्या शेअरचे पाचाचे दोन तुकडे. २००४ साली एकास तीन बोनस, म्हणजे एकाचे चार. मग २००६, २०१४, २०१५ आणि २०१८, पुन्हा एकास एक. गुणत गेलं की एका शेअरचे १०२४ होतात. ९५ ला १०२४ ने भागा. नऊ पैसे आणि थोडी चिल्लर.

"म्हंजे नऊ पैशाला कुणीच इकला न्हाई."

"कुणीच नाही. पंचाण्णवलाच विकला."

"आन् शंभर घेतलं असतं तर?"

"साडेनऊ हजार रुपये. आज एक लाख दोन हजार चारशे शेअर झाले असते."

पंधराशेचा भाव धरला तर ते पंधरा कोटींच्या वर जातं. मामांनी चिमटा खाली ठेवला. ही बातमी जिन्यावरून खाली कशी गेली माहीत नाही, पण अर्ध्या तासात बोळातली निम्मी माणसं वर आली आणि प्रत्येकाकडे आपापला १९९३ होता. साडीवाल्या शेठने म्हणे फॉर्म भरला होता, चेकवर सहीच राहिली. पत्रिकावाल्याच्या भावाच्या हातात पैसे होते, पण त्याने स्कूटर घेतली. एकाला त्याच्या सासऱ्याने अडवलं. एकजण तर बँकेच्या दारातून परतला होता, कारण पाऊस आला. समोरच्या बांगडीवाल्याचं वय बघता तो १९९३ साली दुसरीत असणार, पण तोही म्हणाला, "बस, थोडक्यात हुकलं."

आता यातली गंमत अशी की १९९३ चा तो इश्यू पुरता भरलाच नव्हता. लोक घेईनात, तेव्हा मॉर्गन स्टॅन्लीने १३ टक्के उचलून बाजू सावरली. ज्यांचं 'थोडक्यात हुकलं' अशी माणसं एकट्या चिकपेटमध्ये मला जेवढी भेटली, तेवढ्यांनी खरोखर फॉर्म भरले असते तर परदेशी बँकेला त्रास घ्यावा लागला नसता. आणि हुकलेल्यांत जो तो इन्फोसिसच हुकलेला. त्याच वर्षांत सागवानाच्या लागवडीच्या कंपन्या जोरात होत्या, आणि त्या कुणाच्याच हुकल्या नव्हत्या. मामांच्या ट्रंकेत त्यातल्या एकीचं प्रमाणपत्र आहे, वर झाडाचं चित्र, खाली सोनेरी शिक्का. तिचा आलेख बघू म्हटलं तर मोबाइल म्हणतो, असं काही नाही.

शिवाय घेतला असता तर ठेवला असता का? १० एप्रिल २००३ ला कंपनीने पुढच्या वर्षाचा अंदाज कमी सांगितला आणि शेअर एका दिवसात चौथ्या हिश्श्याहून जास्त कोसळला. १२ एप्रिल २०१३ ला पुन्हा तसंच, वीस टक्क्यांच्या वर. हे दिवस मी मामांना आलेखावर दाखवायला गेलो. २०१३ चा दिवस बोटाखाली मावला. २००३ चा सापडेचना. अडजस्ट होऊन होऊन तो इतका बारीक झाला आहे की रेघ तिथे सरळच वाटते. ज्या दिवशी कित्येकांना जेवण गेलं नसेल, तो दिवस आलेखाच्या दृष्टीने घडलेलाच नाही.

बाकीच्यांचं सोडा, खुद्द मामांचं काय झालं होतं? सप्टेंबर २०१८ मध्ये बोनसच्या दिवशी सकाळी भाव निम्मा दिसला आणि मामांनी गावाकडच्या बहिणीला फोन करून बुडाल्याचं सांगितलं. मावशींनी लगेच देवाला नारळ बोलला. चार दिवसांनी खात्यात दुप्पट शेअर आले, तर त्याचं श्रेय अजून नारळाला आहे. त्या बोनसच्या शंभरांची खरेदी किंमत आता कायद्याने शून्य धरली जाते, म्हणजे त्यांच्या विक्रीची सगळी रक्कम नफाच. मामा म्हणाले, "नारळाचं तरी पैसं वजा करा म्हणावं."

याच सुमारास धाकटीच्या लग्नाच्या बोलणीसाठी अमळनेरचे पाहुणे आले. ते वर आले तेव्हा बोळातली मंडळी आपापला १९९३ घेऊन बसलेलीच होती. पाहुण्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याकडे आजोबांचे विप्रोचे होते थोडे."

जिन्यावर शांतता पसरली. आज विप्रो बंगळूरची म्हणून ओळखली जाते, पण ती जन्मली खानदेशात, अमळनेरला, डिसेंबर १९४५ मध्ये. वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण करायची. १९६६ साली वडील वारले म्हणून अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट टाकून परत आले, पुढे संगणक आला आणि अमळनेरमध्ये ज्यांच्या घरात ते कागद पडून होते ते मालदार झाले.

"मग तुम्ही भाव रोज बघत असाल," मी विचारलं.

"भाव? नाही बुवा. आजोबा म्हणायचे, कारखान्याचा भोंगा वाजतोय ना, मग झालं."

साडीवाल्या शेठने हात जोडले आणि खाली निघून गेला. बांगडीवाल्याने पाहुण्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या. पुढे बोलणी मुलाच्या पगारावर कमी आणि आजोबांवर जास्त झाली.

ते गेल्यावर मी मामांना घेऊन बाळेपेटेतल्या उडुपी हॉटेलात बसलो. आम्ही नेहमीप्रमाणे एक कॉफी 'बाय टू' मागवली. बंगळुरात एका कॉफीचे दोन पेले करून देण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मामा विचारात होते.

"पावनं, आमचं सोनं बरं. बोनस न्हाई, तुकडं न्हाईत, मागचा भाव मागं जाऊन कुणी खोडत न्हाई. तोळा म्हंजे तोळा."

मी इतके दिवस ऐकून घेतलं होतं. "मामा, तुमच्या वडिलांचा तोळा केवढा होता?"

"अकरा ग्रॅम सहाशे चौसष्ट मिली."

"आणि तुमचा?"

मामांनी कॉफीचा पेला डबऱ्यात ओतला, पुन्हा पेल्यात ओतला. "धा."

"मग वडिलांच्या वेळचा तोळ्याचा भाव तुम्ही सांगता तो अकराचा की दहाचा?"

शेजारच्या टेबलावरचा माणूस डोसा खायचा थांबला. मामा बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "ह्ये गिऱ्हाइकापुढं काढू नगा."

कर भरून झाला. लग्नाचा खर्च जाऊन मामांच्या खात्यात थोडे पैसे उरले आणि ते कुठे टाकायचे यावर पुन्हा सभा भरली. भट्टीवरच्या पोराने कुठून तरी एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचं नाव आणलं होतं: २९ ऑक्टोबर २०२४ ला तो शेअर एका दिवसात ३ रुपये ५३ पैशांवरून २ लाख ३६ हजार २५० वर गेला. हेही खरंच आहे. पण त्या कंपनीकडे एशियन पेंट्सचे ढीगभर शेअर होते आणि साडेतीन रुपयांना आपला कागद द्यायला कुणीही राजी नव्हतं. वर्षानुवर्षं भाव नुसता लिहिलेला होता. मग बाजाराने खास लिलाव ठेवला तेव्हा खरा आकडा बाहेर पडला. चिकपेटच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाटीवर लिहिलेला भाव आणि माल हातात पडतो तो भाव यांचा संबंध नसतो, हे इथलं पोर बोलायच्या आधी शिकतं.

मामांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांचं ठरलं होतं. एमआरएफ. दहाचा शेअर अजून दहाचाच, तुकडे केलेले नाहीत, आणि जून २०२३ मध्ये त्याने लाखाचा आकडा ओलांडला. मामांना त्याचा आलेख फार आवडला होता. जो भाव आज दिसतो तो तेव्हाही तेवढाच होता, भागाकार नाही, भावकॉपी नाही, पावन्यांना विचारणं नाही.

त्यांनी माझ्यासमोरच दलालाला फोन लावला, भाव विचारला, आणि एका हाताने फोन झाकून साडीवाल्या शेठकडे बघितलं. शेठने मान डोलावली.

"हॅलो," मामा म्हणाले, "एक द्या. पन बाय टू करून."